ट्रेमोलो पेडल्सची तुलना कशी करावी: नव्या गिटारवादकांसाठी मार्गदर्शक

दोन ट्रेमोलो पेडल्स शेजारीशेजारी ठेवावीत, दोन्हींचे नॉब मध्यावर आणावेत, चार कॉर्ड वाजवून पाहाव्यात आणि जे कानाला बरे वाटेल ते उचलावे, अशी तुलना बहुतेक नवखे वादक करतात. या पद्धतीने हाती लागते ते बहुधा मोठ्याने वाजणारे पेडल. ट्रेमोलोचे कामच मुळी आवाजाची पातळी कमीजास्त करण्याचे असल्यामुळे ही फसगत ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारे पेडल) किंवा डिलेच्या (प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलच्या) खरेदीपेक्षा येथे अधिक सहज घडते. मी स्वतः एक पेडल केवळ ‘उठावदार’ वाटले म्हणून घेतले होते. त्याचा व्हॉल्यूम नॉब शेजारच्या पेडलपेक्षा बराच वर होता, एवढेच त्या उठावाचे रहस्य निघाले. म्हणून या लेखात कोणते पेडल घ्यावे यापेक्षा तुलना कशी मांडावी यावर अधिक भर दिला आहे. मांडणी नीट झाली की निवड फारशी अवघड राहत नाही.

पहिली पायरी: नावांचा गोंधळ दूर करणे

ट्रेमोलोमध्ये स्वराची उंची तीच राहते आणि केवळ त्याचा आवाज ठरावीक गतीने लहानमोठा होत राहतो. व्हायब्रॅटोमध्ये याउलट आवाज तोच राहतो आणि स्वर किंचित वरखाली होतो. हा भेद साधा आहे, परंतु इलेक्ट्रिक गिटारच्या जगात तो सुरुवातीपासून उलटापालटा झालेला आहे. फेंडर कंपनीने १९५४ साली बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या ब्रिजला ‘ट्रेमोलो’ असे नाव दिले, जरी त्याचा दांडा दाबल्यावर स्वरच बदलतो. आणि त्याच कंपनीच्या पुढच्या काळातील अनेक ॲम्पवर ज्या चॅनेलला ‘व्हायब्रॅटो’ म्हटले आहे, त्यात आवाजाची पातळी बदलते. त्यामुळे पेडलची माहिती वाचताना नावावर विसंबून राहू नये. ते पेडल पातळी हलवते की स्वर, एवढेच पाहावे. काही पेडल्समध्ये दोन्ही परिणाम असतात आणि एका बटणाने त्यांची अदलाबदल होते.

हा परिणाम जुना आहे. १९४० च्या दशकात डीआर्मंड कंपनीची ट्रेमोलोची स्वतंत्र पेटी मिळत असे. तिच्यात एक छोटी मोटर विद्युतवाहक द्रव भरलेली कुपी हलवत राही, आणि कुपीतला द्रव हिंदकळून आतल्या टोकाला लागला की सिग्नलचा काही भाग ग्राउंडकडे (मंडलाच्या, म्हणजे सर्किटच्या, शून्य टोकाकडे) वळून आवाज उतरत असे. गिटारवादक बो डिडलीच्या वादनातील थरथर याच पेटीशी जोडली जाते. १९५५ साली फेंडरचा ट्रेमोलक्स हा ॲम्प आला आणि त्यानंतर ट्रेमोलो ॲम्पच्या आतच बसवण्याची पद्धत रूढ झाली. आजची बहुतेक पेडल्स या जुन्या ॲम्पमधील कोणत्या ना कोणत्या मंडलाची आठवण जागवण्याचा प्रयत्न करतात, म्हणून हा इतिहास तुलनेच्या कामाचा आहे.

दुसरी पायरी: नॉब ओळखणे

साध्यात साध्या ट्रेमोलो पेडलवर दोनच नॉब असतात. एकाचे नाव स्पीड किंवा रेट असते, आणि तो आवाज दर सेकंदाला किती वेळा उतरून चढतो हे ठरवतो. दुसऱ्याला डेप्थ किंवा इंटेन्सिटी म्हणतात. आवाज प्रत्येक वेळी किती खाली जातो हे त्याच्या हातात असते. डेप्थ थोडी ठेवली तर स्वर हलकेच श्वास घेतल्यासारखा वाटतो आणि पूर्ण ठेवली तर दोन ठोक्यांच्या मध्ये चक्क शांतता पसरते.

तिसरा नॉब अनेक पेडल्सवर असतो आणि नवखे वादक त्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. वेव्ह, शेप किंवा स्लोप अशा नावांनी येणारा हा नॉब आवाज कोणत्या रीतीने उतरतो आणि कोणत्या रीतीने परत चढतो हे ठरवतो. साइन लहरीमध्ये चढउतार गोलाईने होतो, त्रिकोणी लहरीमध्ये तो एकसारख्या उताराने होतो, चौकोनी लहरीमध्ये आवाज दिव्याच्या बटणासारखा चालूबंद होतो, आणि करवतीच्या दात्यासारख्या लहरीमध्ये एक बाजू तिरकी तर दुसरी एकदम तुटलेली असते. माझ्या मते दोन पेडल्सच्या स्वभावातील खरा फरक इथेच असतो, कारण वेग आणि डेप्थ कोणत्याही दोन पेडल्सवर बरेचसे जुळवून घेता येतात, परंतु उतरलेला आवाज परत वर कसा येतो हे सहसा त्या मंडलाच्या रचनेतच ठरलेले असते.

चौथा नॉब व्हॉल्यूम किंवा लेव्हलचा. तो आहे की नाही हे खरेदीपूर्वी अवश्य पाहावे. त्याचे कारण पुढे येईलच.

तिसरी पायरी: पेडल कोणत्या घराण्याचे आहे ते पाहणे

जुन्या ॲम्पवरून पडलेली तीन मुख्य घराणी मानता येतात. त्यांतील पहिले बायस ट्रेमोलो. यात पॉवर व्हॉल्व्हला (ॲम्पमधील आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळीला) दिलेला बायस, म्हणजे तिचे काम ठरवणारा स्थिर व्होल्टेज, सावकाश हलवला जातो, त्यामुळे आवाजाबरोबर व्हॉल्व्हचे वागणेही थोडे बदलते. जोरात वाजवल्यास थरथर काहीशी दबते आणि स्वर विरत जाताना ती ठळक होते, म्हणून हा ट्रेमोलो हाताच्या दाबाला प्रतिसाद देतो असे वादक सांगतात. फेंडरच्या प्रिन्स्टन रिव्हर्ब ॲम्पमध्ये हीच रचना आहे.

दुसरे घराणे प्रकाशावर चालणाऱ्या म्हणजे ऑप्टिकल ट्रेमोलोचे. यात एक छोटा दिवा लुकलुकतो आणि त्याच्यासमोर प्रकाशानुसार रोध (विजेला होणारा अडथळा) बदलणारा घटक बसवलेला असतो. डिलक्स रिव्हर्ब आणि ट्विन रिव्हर्ब या १९६० च्या दशकातील काळ्या पॅनेलच्या ॲम्पमध्ये यासाठी निऑन दिवा वापरला गेला. या घटकाचा एक गुणधर्म लक्षात ठेवण्यासारखा आहे: प्रकाश पडताच त्याचा रोध झटकन कमी होतो, परंतु अंधार झाल्यावर तो पूर्ववत व्हायला वेळ घेतो. त्यामुळे आवाजाचे उतरणे आणि चढणे एकसारखे होत नाही. ऐकताना ही असमानता लहरीच्या एका बाजूला आलेल्या झोल्यासारखी जाणवते, आणि अनेकांना ऑप्टिकल ट्रेमोलो आवडतो तो नेमका या लंगडेपणामुळे.

तिसरे घराणे हार्मोनिक ट्रेमोलोचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या तपकिरी रंगाच्या काही फेंडर ॲम्पमध्ये सिग्नलचे खर्ज (खालचा) आणि तीव्र (वरचा) असे दोन भाग करून ते आळीपाळीने वरखाली केले जात. एक भाग वर असताना दुसरा खाली असतो, त्यामुळे एकूण आवाज फारसा तुटत नाही. रंग मात्र सतत बदलत राहतो. हा परिणाम फेझर (आवाजाचा रंग सतत फिरवणारे पेडल) आणि ट्रेमोलो यांच्या मधोमध कुठेतरी पडतो. ज्याला ठोक्यांसारखा तुटक आवाज हवा आहे त्याने हार्मोनिक ट्रेमोलो घेतल्यास निराशा होण्याचा संभव अधिक.

या तिघांखेरीज आधुनिक पेडल्समध्ये आवाज नियंत्रित करणारी इलेक्ट्रॉनिक चिप किंवा डिजिटल प्रक्रिया असते, आणि तिच्याकडून वरीलपैकी कोणतीही लहर, किंवा ॲम्पमध्ये कधीच नसलेली एखादी लहरही काढून घेता येते.

चौथी पायरी: तुलनेची जुळवाजुळव

तुलनेसाठी एक स्वच्छ आवाजाचा ॲम्प, एक लूपर पेडल (वाजवलेला तुकडा साठवून पुन्हा पुन्हा ऐकवणारे), मेट्रोनोम आणि शक्य असल्यास संगणकावर ध्वनिमुद्रण करण्याची सोय एवढे साहित्य पुरते. गिटारपासून ॲम्पपर्यंतच्या पेडल्सच्या साखळीत लूपर सर्वांत आधी ठेवावा आणि ट्रेमोलो पेडल्स त्याच्यानंतर. लूपरमध्ये कोणताही परिणाम न लावता सुमारे आठ मात्रांचा तुकडा भरून घ्यावा. त्यात एक लांब धरलेली कॉर्ड, काही सुटे स्वर आणि थोडी तुटक ऱ्हिदम असावी. प्रत्येक पेडलला हाच तुकडा ऐकवल्यामुळे आपला हात या वेळी जड पडला की हलका, हा प्रश्न उरत नाही.

ॲम्पमधील रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखी घुमक देणारा परिणाम) आणि ॲम्पचा स्वतःचा ट्रेमोलो बंद ठेवावा. हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल, परंतु दोन ट्रेमोलो एकाच वेळी चालू राहिले की त्यांचे वेग एकमेकांवर आदळून एक विचित्र, अडखळणारा ठेका तयार होतो, आणि तो पेडलचा दोष समजून पेडल परत केले जाते. (मुद्दाम असे करणारे वादकही आहेत, पण तो पुढचा विषय झाला.)

पाचवी पायरी: आवाजाची पातळी जुळवणे

ही पायरी वगळली तर बाकीच्या सर्व पायऱ्या व्यर्थ आहेत, म्हणून येथे थोडे सावकाश जाऊ.

ट्रेमोलो चालू केल्यावर आवाज एकंदर कमी झाल्याची तक्रार नवखे वादक हमखास करतात आणि पेडल बिघडले आहे असा समज करून घेतात. प्रत्यक्षात हे साधे गणित आहे. मूळ पातळी १ मानली आणि आवाज साइन लहरीने १ पासून शून्यापर्यंत उतरून परत चढत राहिला, तर त्या काळातील सरासरी शक्ती मूळच्या केवळ ०.३७५ पट राहते, म्हणजे सुमारे ४.३ डेसिबलची घट होते. डेप्थ अर्धी ठेवली, म्हणजे पातळी १ आणि ०.५ यांच्यामध्ये फिरत राहिली, तरी घट सव्वादोन डेसिबलच्या आसपास जाते. चौकोनी लहरीत निम्मा वेळ आवाज पूर्ण आणि निम्मा वेळ शून्य असेल, तर शक्ती निम्मी होते आणि घट ३ डेसिबलची ठरते. म्हणजे पूर्ण डेप्थला चौकोनी लहर साइन लहरीपेक्षा सुमारे सव्वा डेसिबलने मोठी पडते आणि तुलना करणाऱ्याला ती ‘अधिक दमदार’ वाटते. यात पेडल बनवणाऱ्याचे कौशल्य काहीच नाही.

ही घट भरून काढण्यासाठी काही पेडल्समध्ये व्हॉल्यूम नॉब बाहेर असतो, काहींमध्ये तो आत, तळाचे झाकण उघडून लहान पेचकसाने फिरवायच्या प्रीसेटच्या रूपात असतो, आणि काहींमध्ये तो नसतोच. बॉस कंपनीच्या १९९७ पासून चालत आलेल्या टीआर-२ या पेडलवर रेट, डेप्थ आणि वेव्ह असे तीनच नॉब आहेत, आणि चालू केल्यावर आवाज बसल्यासारखा वाटतो ही त्याच्याविषयीची जुनी तक्रार आहे. व्हूडू लॅबच्या ट्रेमोलोवर इंटेन्सिटी, स्लोप आणि स्पीड यांच्याबरोबर व्हॉल्यूम नॉब दिलेला आहे. ही दोन पेडल्स नुसती शेजारी ठेवून वाजवली तर कौल कोणत्या बाजूने लागेल हे वाजवण्याआधीच सांगता येते.

पातळी जुळवण्याची रीत अशी. ॲम्पपासून एक मीटरवर फोन ठेवून त्यात आवाज मोजणारे ॲप सुरू करावे आणि त्यातील प्रतिसाद संथ ठेवावा, म्हणजे आकडा प्रत्येक ठोक्यागणिक उड्या मारणार नाही. लूपरमधील तुकडा चालू ठेवून पहिल्या पेडलचा आकडा लिहून घ्यावा आणि दुसऱ्या पेडलचा व्हॉल्यूम त्याच आकड्याच्या जवळ आणावा. एखाद्या पेडलला व्हॉल्यूम नॉब नसेल तर त्याच्यानंतर एक क्लीन बूस्ट (रंग न बदलता फक्त आवाज वाढवणारे) पेडल ठेवून काम भागवता येते. फोनचा आकडा अचूक असण्याची गरज नाही. दोन्ही वेळा तो एकाच जागी आणि एकाच रीतीने घेतलेला असला म्हणजे झाले. संगणकावर ध्वनिमुद्रण करत असल्यास दोन्ही मुद्रणांची सरासरी पातळी जुळवावी, शिखरांची पातळी जुळवू नये, कारण ट्रेमोलोमध्ये शिखर आणि सरासरी यांतील अंतर लहरीगणिक बदलते.

येथे एक सावधगिरी सुचवाविशी वाटते. पेडल बंद असतानाचा आणि चालू असतानाचा सरासरी आवाज तंतोतंत सारखा केला, तर चालू असताना प्रत्येक लहरीचे शिखर मूळ आवाजापेक्षा काही डेसिबल वर जाते. ॲम्पचा आवाज फाटण्याच्या उंबरठ्यावर असेल तर ती शिखरे फाटू लागतात आणि आपण पेडलऐवजी ॲम्पचे डिस्टॉर्शन ऐकत बसतो. म्हणून तुलनेच्या वेळी ॲम्पचा व्हॉल्यूम पुरेसा खाली ठेवावा.

सहावी पायरी: वेग आणि डेप्थ जुळवणे

नॉबवरील खुणांचा येथे काहीही उपयोग नाही, कारण एका पेडलचा मध्य म्हणजे दुसऱ्याच्या पाऊण वळणाइतका वेग असू शकतो. वेग मेट्रोनोमवरच जुळवावा. मिनिटाला ९० मात्रांची लय लावली तर सेकंदाला दीड मात्रा होतात. त्या लयीच्या दुगुनीत थरथर बसवली की वेग ३ हर्ट्झ (सेकंदाला तीन थरथरी) होतो आणि चौगुनीत बसवली की ६ हर्ट्झ. गाण्यासाठी लागणारा बहुतेक ट्रेमोलो याच टप्प्याच्या आसपास असतो. हे गणित कोणत्याही लयीला लागू पडते: मिनिटातील मात्रांना ६० ने भागावे आणि एका मात्रेत जितक्या थरथरी हव्या असतील त्या संख्येने गुणावे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेत तीन थरथरी हव्या असतील तर वेग ६ हर्ट्झ ठेवावा लागतो.

डेप्थ कानाने जुळवणे कठीण आहे, आणि येथे ध्वनिमुद्रणाचा खरा फायदा होतो. फोनवरील ट्यूनरमधून ४४० हर्ट्झचा अखंड स्वर काढून तो अगदी कमी आवाजात पेडलमधून न्यावा आणि संगणकावर त्याचे चित्र पाहावे. स्वर अखंड असल्यामुळे चित्राची बाह्यरेषा हीच पेडलची लहर असते: शिखर किती उंच, दरी किती खोल, चढ सावकाश की झटक्याने, सारे डोळ्यांना दिसते. दरीची उंची शिखराच्या निम्मी असेल तर पातळी ६ डेसिबलने उतरते आहे असे समजावे आणि दुसरे पेडलही तेथेच आणावे. ऑप्टिकल पेडलचा तो लंगडेपणा या चित्रात फार छान दिसतो. हार्मोनिक ट्रेमोलोला मात्र ही चाचणी लावू नये. एकच स्वर त्याच्या खर्ज किंवा तीव्र अशा एका भागातच मुख्यतः पडतो, त्यामुळे चित्रात तो साध्या ट्रेमोलोसारखाच दिसतो आणि त्याचे वैशिष्ट्य हरवते.

सातवी पायरी: ऐकणे

पातळी, वेग आणि डेप्थ जुळल्यावर आता कानांवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. आपण पाठमोरे बसावे, एखाद्या मित्राला पेडल्स बदलायला सांगावे, आणि कोणते चालू आहे हे त्याने सांगू नये. प्रथम ३ हर्ट्झ आणि अर्ध्या डेप्थवर लांब धरलेली कॉर्ड ऐकावी. सावकाश वेगावर लहरीचा आकार उघडा पडतो: काही पेडल्समध्ये आवाज खाली जाऊन तेथे किंचित रेंगाळतो, काहींमध्ये तो वर रेंगाळतो. वर रेंगाळणारा ट्रेमोलो गायनाच्या साथीला सोपा जातो असा माझा अनुभव आहे, कारण कॉर्ड बराच वेळ भरलेली राहते आणि मधली दरी फक्त आठवण करून देते.

त्यानंतर वेग ६ हर्ट्झपर्यंत न्यावा. प्रकाशावर चालणाऱ्या काही पेडल्समध्ये वेग वाढवला की डेप्थ आपोआप थोडी कमी होते, कारण तो प्रकाशसंवेदी घटक पूर्ण मूळपदावर येण्याआधीच दिवा पुन्हा लागतो. हा दोषच मानावा असे नाही, परंतु वेगवान आणि खोल अशी थरथर हवी असणाऱ्याने तो जरूर तपासावा. शेवटी डेप्थ पूर्ण करून पाहावे की दरी खरोखर शांत होते का, की तळाशी थोडा आवाज उरतोच.

यानंतर लूपर बंद करून स्वतः वाजवावे. बहुतेक पेडल्समधील लहर आपल्या वाजवण्याची वाट न पाहता आपल्याच चालीने फिरत असते, त्यामुळे पूर्ण डेप्थ असताना आपण समेवर घाव घातला आणि नेमकी दरी आली, तर तो स्वर गिळला जातो. चौकोनी लहरीत हे फार जाणवते. काही पेडल्समध्ये प्रत्येक नव्या घावाबरोबर लहर शिखरापासून सुरू करण्याची सोय असते. ज्याला तुटक ऱ्हिदम वाजवायची आहे त्याला ही सोय इतर दहा लहरींपेक्षा उपयोगी पडते.

आठवी पायरी: साखळीतील जागा बदलून पाहणे

एकच पेडल ओव्हरड्राइव्हच्या आधी आणि नंतर ठेवले तर दोन वेगळी पेडल्स वाटावीत इतका फरक पडतो. ट्रेमोलो आधी ठेवल्यास ओव्हरड्राइव्हला मिळणारा सिग्नल कमीजास्त होतो, परंतु ओव्हरड्राइव्ह मोठा आवाज दाबून टाकत असल्यामुळे पातळीतील फरक बराचसा पुसला जातो आणि त्याऐवजी स्वच्छ व खरखरीत अशा दोन रंगांमध्ये आवाज झुलत राहतो. ट्रेमोलो नंतर ठेवल्यास सगळी खरखरच वरखाली होते आणि थरथर ठसठशीत ऐकू येते. सुरुवात करणाऱ्याने ओव्हरड्राइव्हनंतरची जागा पक्की धरावी.

रिव्हर्बबाबत मत देणे कठीण आहे. ट्रेमोलो आधी आणि रिव्हर्ब नंतर असेल तर दऱ्या रिव्हर्बच्या शेपटीने भरून निघतात आणि परिणाम मऊ होतो. उलट क्रमात शेपटीसकट सर्व काही कापले जाते. काळ्या पॅनेलच्या फेंडर ॲम्पमध्ये हा दुसराच क्रम आहे, म्हणून त्या काळचा आवाज हवा असेल तर ट्रेमोलो रिव्हर्बनंतर ठेवून पाहिलाच पाहिजे.

नववी पायरी: टिकटिक, गुणगुण आणि वीज

ट्रेमोलोच्या आत लहर निर्माण करणारे मंडल सतत धडधडत असते आणि त्याचा ठोका कधीकधी ध्वनिमार्गात झिरपतो. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करून, ॲम्प नेहमीपेक्षा थोडा वाढवून आणि पेडल चौकोनी लहरीवर ठेवून कान द्यावा. घड्याळासारखी टिकटिक ऐकू आली तर लगेच पेडलला दोष देऊ नये. आधी पेडलला स्वतंत्र बॅटरीवर किंवा अलग वाहिनीच्या पॉवर सप्लायवर चालवून पाहावे, कारण एकाच वायरीवर ओवलेल्या अनेक पेडल्समध्ये ही टिकटिक पुष्कळदा वीजपुरवठ्यातूनच पसरते. बॅटरीवरही ती राहिली तर ती मंडलातलीच आहे. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट आणि मध्यभागी ऋण टोक असलेला सप्लाय लागतो. साध्या ॲनालॉग पेडलची विजेची भूक थोडी असते, तर डिजिटल पेडलला बरेच अधिक मिलिअँपिअर लागतात, हे खरेदीपूर्वी पेडलच्या मागील बाजूस वाचून घ्यावे.

दहावी पायरी: पायाने वापरून पाहणे

टेबलावर ठेवून केलेली तुलना पुरी पडत नाही. टॅप टेम्पोचे बटण असलेल्या पेडलवर पायाने लय देता येते आणि काहींवर ती लय दुगुन, तिगुन किंवा चौगुन करण्याचा वेगळा नॉब असतो. वॉलरस ऑडिओच्या मॉन्युमेंटमध्ये ही सोय आहे आणि त्यातच साध्या व हार्मोनिक ट्रेमोलोमध्ये निवड करता येते. ज्याला ड्रमच्या साथीत लयीला चिकटून वाजवायचे आहे त्याने टॅप टेम्पो टाळू नये. ज्याला केवळ कॉर्डला हलकी लाट द्यायची आहे त्याला दोन नॉबचे पेडलही पुरते, कारण डेप्थ कमी असताना लहर लयीपासून थोडी सुटली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. बटणे एकमेकांच्या किती जवळ आहेत, आणि लयीचे बटण दाबताना चुकून पेडलच बंद होते का, हे बूट घालून तपासावे.

आता निवडीविषयी थोडेसे

एकच साधे, दणकट आणि त्रिकोणी लहरीपासून चौकोनी लहरीपर्यंत जाणारे पेडल हवे असेल तर बॉस टीआर-२ शिकण्यासाठी उत्तम आहे. त्याच्यानंतर बूस्ट ठेवण्याची तयारी असावी. ऑप्टिकल स्वभाव हवा असेल तर डिमीटरचे ट्रेम्युलेटर किंवा व्हूडू लॅबचे ट्रेमोलो ऐकावे. तीनही घराणी एकाच डबीत ऐकून आपली आवड ठरवायची असेल तर स्ट्रायमनचे फ्लिंट उपयोगी पडते, कारण त्यात हार्मोनिक, पॉवर व्हॉल्व्ह (बायस) आणि फोटोसेल (ऑप्टिकल) अशा तीन ट्रेमोलोंबरोबर रिव्हर्बही आहे. विकत न घेता एखाद्याकडून दोन दिवस मागून आणले तरी पुष्कळ शिकायला मिळते. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या स्टीरिओ पल्सारमध्ये दोन आउटपुट आहेत, त्यामुळे दोन ॲम्पमध्ये आवाज डावीउजवीकडे फिरवता येतो. अर्थक्वेकर डिव्हायसेसचे हमिंगबर्ड मुद्दाम टोकदार, तुटक थरथरीसाठी बनवलेले आहे आणि हळुवार लाटेसाठी ते कोणी घेऊ नये.

दोन पेडल्समध्ये शेवटपर्यंत निर्णय होत नसेल तर दोन्हींचे एकेक मिनिटाचे मुद्रण करून, पातळी जुळवून, दुसऱ्या दिवशी ड्रम आणि बासच्या साथीवर ऐकावे. एकट्या गिटारवर सुंदर वाटणारी खोल, संथ थरथर साथीत अनेकदा हरवते, आणि एकटी असताना कोरडी वाटलेली चौकोनी लहर हाय-हॅटच्या शेजारी नेमकी बसते.